गुडघा म्हणजे बिजागरी नव्हे

सिंगापूरची वेळ भारताच्या अडीच तास पुढे. मी एक्स्पो स्टेशनातून बाहेर पडून चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसकडे चालायला लागते तेव्हा साडेनऊ वाजलेले असतात आणि कऱ्हाडला आईचा पहिला चहा झालेला असतो. आमचा रोजचा फोन तेव्हाच होतो. गेल्या वर्षी अशाच एका सकाळी ती म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, गुडघे झिजलेत. वंगण संपलंय. जिना नको, मांडी नको, चालणंही बेताचंच. जेवढे जपून वापराल तेवढे टिकतील."

मी म्हणाले, "मग जप बाई. उगाच हिंडू नकोस."

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं याची मला अजून लाज वाटते. लाज वाटायचं कारण असं की वंगण आणि झीज हाच माझा धंदा आहे. माझी पीएचडी घर्षणावरची. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासताना त्यांच्यात काय होतं याच्या शास्त्राला ट्रायबॉलॉजी म्हणतात. १९६६ साली इंग्लंडमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीच्या अहवालातून हा शब्द रूढ झाला. मी दिवसभर धातू आणि प्लास्टिकच्या चकत्या एकमेकींवर घासते, त्यांच्यात तेलाचा पातळ थर सोडते आणि आकडे लिहून ठेवते. म्हणजे 'वंगण संपलंय' या वाक्यात काय गडबड आहे हे ओळखायला घरात माझ्याहून लायक कोणी नव्हतं. तरीही मी आईला घरात बसवलं, कारण ते वाक्य ऐकायला अगदी पटण्यासारखं आहे.

पुढच्या सहा महिन्यांत तिने सकाळचं कृष्णाकाठचं फिरणं सोडलं. भाजी घरपोच यायला लागली. मी इथून ऑनलाइन कमोडची खुर्ची पाठवली, आणि मुलीने काळजी घेतली म्हणून चार नातेवाइकांनी माझं कौतुकही केलं. दिवाळीत घरी गेले तर आई सोफ्यावरून उठताना दोन्ही हात टेकून, दोन झोके घेऊन मग उठत होती. दुखणं कमी झालेलं नव्हतं. मांड्या मात्र बारीक झाल्या होत्या.

हा लेख तेव्हापासून डोक्यात आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं की आपण गुडघ्याबद्दल जी भाषा वापरतो, ती भाषाच माणसाला खुर्चीत बसवते. आणि ती भाषा आपण शाळेत शिकतो.

आठवून पाहा. शाळेच्या विज्ञानात सांधे होते: बिजागरीचा सांधा, उखळीचा सांधा, सरकता सांधा. बिजागरीचा म्हणजे कोपर आणि गुडघा, उखळीचा म्हणजे खांदा आणि खुबा, सरकता म्हणजे मनगट आणि घोटा. दोन गुणांचा प्रश्न ठरलेला. नावं छान आहेत, घरातली आहेत. उखळ तर फारच जुनं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात २१० संधी सांगितलेत आणि त्यांचे आठ प्रकार केलेत, त्यातला एक 'उलूखल'. त्यात काख आणि जांघ येते, म्हणजे आपला खांदा आणि खुबा, आणि शिवाय दात! दात हा सांधा कसा, असं वाटेल, पण आजचं शरीररचनाशास्त्रही दात आणि जबडा यांच्या जोडाला सांधाच म्हणतं. कवटीच्या हाडांच्या जोडाला सुश्रुताने 'तुन्नसेवनी' म्हटलंय, म्हणजे कापडाची शिवण. कवटीचा फोटो पाहिलात तर याहून नेमका शब्द सुचणार नाही. गुडघा मात्र त्यानेही कोपर, मनगट, घोटा आणि बोटांबरोबर 'कोर' या एकाच गटात टाकला.

आज सांध्यांची मुख्य वाटणी हाडांच्या मधे काय आहे यावरून करतात. मधे नुसते घट्ट तंतू असतील तर तो तंतुमय सांधा, जवळजवळ न हलणारा: कवटीची शिवण, दात. मधे कूर्चा असेल तर किंचित हलणारा: मणक्यांमधल्या चकत्या, ओटीपोटाखालचा पुढचा जोड. आणि मधे पोकळी असेल, त्या पोकळीला पिशवीसारखं आवरण असेल, आवरणाच्या आतल्या अस्तरातून द्रव पाझरत असेल, तर तो सायनोव्हियल सांधा. आपण रोजच्या बोलण्यात ज्यांना सांधे म्हणतो ते बहुतेक हेच. यांचे सहा प्रकार करतात. उखळी आणि बिजागरी झाले. मानेतल्या पहिल्या दोन मणक्यांचा खिळीचा, ज्यामुळे 'नाही' म्हणता येतं. अंगठ्याच्या मुळाशी असलेला खोगिराचा, ज्यामुळे अंगठा तळहातावर येऊन सुई धरता येते. बोटांच्या मुळांशी असलेला लंबगोल, आणि तळपायातल्या लहान हाडांचे सपाट, एकमेकांवर सरकणारे.

कोपराचा मुख्य भाग खरंच बिजागरीसारखा आहे. गुडघा तसा नाही. दाराच्या बिजागरीत एक खिळा असतो, तो जागचा हलत नाही आणि दार त्याच्याभोवती फिरतं. गुडघ्यात असा खिळाच नाही. मांडीच्या हाडाची दोन गोल टोकं नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर बसलेली असतात, ओट्यावर दोन लिंबं ठेवावीत तशी. पाय दुमडताना ही टोकं गडगडतात आणि त्याच वेळी घसरतात. नुसती गडगडली असती तर पाव वाकल्यावरच मांडीचं हाड मागून खाली पडलं असतं. आतले दोन आडवेतिडवे अस्थिबंध त्याला धरून ठेवतात. दोन चंद्रकोरीच्या आकाराच्या गाद्या, म्हणजे मेनिस्कस, हाडाबरोबर मागे-पुढे सरकतात. आणि पाय पूर्ण ताठ होताना शेवटच्या वीसेक अंशांत नडगी किंचित बाहेर वळते, सांधा जणू स्क्रूसारखा आवळला जातो. त्यामुळे आपण फारसा जोर न लावता बराच वेळ उभे राहू शकतो. पुन्हा वाकायचं तर हे कुलूप उघडावं लागतं. ते काम गुडघ्यामागचा पॉप्लिटिअस नावाचा छोटासा स्नायू करतो. त्याचं नावही आपल्याला माहीत नसतं.

मांडी घालून बसलात की या सगळ्यात वळण येतं. उकिडवं बसलात की गुडघा दीडशे अंशांच्या आसपास दुमडतो, पोटरी मांडीला टेकते. खुर्चीला नव्वद पुरतात. तेव्हा बिजागरी म्हटल्याने यातलं नव्वद टक्के तर विद्यार्थ्यापर्यंत पोचतच नाही. पण माझी मुख्य तक्रार वेगळी आहे. बिजागरी म्हटलं की पुढची सगळी वाक्यं आपोआप येतात. बिजागरी करकरते. बिजागरीला तेल घालतात. बिजागरी वापराने झिजते, म्हणून दार कमी उघडावं. शेवटी बिजागरी बदलतात. आईच्या डॉक्टरांनी सांगितलेलं प्रत्येक वाक्य या यादीत आहे.

आता माझ्या धंद्यातले आकडे सांगते. स्वच्छ कोरडं पोलाद पोलादावर घासलं तर घर्षणांक साधारण ०.६ येतो. तेलाचा अगदी पातळ थर दिला तर ०.१ च्या आसपास. बर्फावर बर्फ याहून कमी. निरोगी सांध्यातली कूर्चा कूर्चेवर सरकते तेव्हा तो ०.००१ ते ०.०२ च्या दरम्यान असतो. मी ज्या यंत्रांवर काम करते त्यांतल्या कोणत्याही तेलाने मला इतक्या हळू वेगात आणि इतक्या ओझ्याखाली असा आकडा दिलेला नाही.

आणि हे काम तेल करत नाही. निरोगी गुडघ्यात मोकळा द्रव चहाच्या चमचाभरही नसतो. जादू कूर्चेतच आहे. कूर्चा म्हणजे हाडाच्या टोकावरचा काही मिलिमीटर जाडीचा पांढरा, गुळगुळीत थर. तिच्या वजनाचा सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग पाणी असतं. कोलॅजेनच्या तंतूंचं जाळं आणि त्यात अडकलेले, पाणी धरून ठेवणारे मोठे रेणू. पाऊल पडलं की हे पाणी बाहेर निसटू पाहतं, पण जाळी इतकी बारीक की सहज निसटता येत नाही. त्यामुळे आत दाब तयार होतो, आणि ओझ्याचा मोठा भाग घन पदार्थाऐवजी ते पाणीच पेलतं. म्हणजे तुम्ही चालता तेव्हा बऱ्याच अंशी पाण्याच्या दाबावर चालत असता.

यातली गंमत, किंवा धोक्याची सूचना, अशी: ओझं टाकून सांधा एकाच जागी ठेवला तर पाणी हळूहळू निसटत जातं, दाब उतरतो आणि घर्षण वाढतं. प्रयोगशाळेत कूर्चेच्या तुकड्यावर हे मिनिटागणिक मोजता येतं. आणि पुन्हा सरकवायला सुरुवात केली की पाणी परत आत शिरतं. अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठातल्या गटाने गेल्या दशकात हे सुरेख दाखवलं: योग्य वेगाने घासण्यानेच कूर्चा पुन्हा ओली होते. मी ते पेपर वाचले तेव्हा लॅबमध्ये एकटीच हसले. घासल्याने जिचं वंगण वाढतं अशी बिजागरी कोणी पाहिली आहे का?

खाणंपिणंही हालचालीतूनच. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. तिच्या पेशींना जे काही मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून झिरपून मिळतं, आणि दाबणं-सोडणं, दाबणं-सोडणं या पंपाने ते झिरपणं चालू राहतं. मज्जारज्जूला इजा होऊन पाय हलेनासे झालेल्या लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले, तेव्हा त्यांची कूर्चा पातळ होत गेलेली दिसली. त्या गुडघ्यांवर वर्षानुवर्षं कोणी चाललेलं नव्हतं. जपून ठेवलेले गुडघे होते ते.

इथे मला एक उलटी गोष्टही मान्य केली पाहिजे, नाहीतर हा लेख आईच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या फॉरवर्डसारखा होईल. मोठ्या माणसाची गेलेली कूर्चा परत उगवत नाही. लंडनमध्ये विल्यम हंटरने १७४३ सालीच हे लिहून ठेवलंय. आणि याचा अलीकडचा पुरावा तर अणुबॉम्बने दिला. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या चाचण्यांमुळे हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला होता, मग तो हळूहळू कमी होत गेला. त्यामुळे शरीरातला एखादा रेणू कोणत्या काळात बनला हे त्यातल्या कार्बनवरून सांगता येतं. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१६ मध्ये गुडघ्याच्या कूर्चेतलं कोलॅजेन तपासलं. ते माणसाच्या वाढीच्या वयातलंच निघालं. मोठेपणी त्यात जवळजवळ बदल नाही. माझ्या आईच्या गुडघ्यातली जाळी ती शाळेत जात होती तेव्हाची आहे. म्हणून 'व्यायाम करा, कूर्चा वाढेल' असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. उरलेली नीट राहावी एवढाच प्रश्न आहे.

पण मग दुखतं काय? कूर्चेत मज्जातंतूही नाहीत, ती स्वतः दुखू शकत नाही. दुखतं ते तिच्या खालचं हाड, सांध्याचं अस्तर, आवरण, आजूबाजूचे स्नायू आणि त्यांचे जोड. ऑस्टिओआर्थ्रायटिसला आज संशोधक संपूर्ण सांध्याचा आजार मानतात, एका थराची झीज नव्हे. त्यात सौम्य दाह असतो, हाडाची चुकीची डागडुजी असते, मांडीच्या स्नायूंची कमजोरी असते, अनुवंश असतो, वजन असतं. आणि 'वंगण संपलंय' म्हणतात त्या गुडघ्यात बहुधा द्रव वाढलेला असतो! त्यातलं ह्यालुरोनिक आम्ल पातळ झालेलं असतं हे खरं, पण संपलेलं काहीच नसतं. गुडघा सुजतो तो त्यामुळेच.

एक्स-रेचंही तसंच. एक्स-रे वाईट आणि माणूस ठणठणीत, किंवा एक्स-रे बरा आणि माणूस हैराण, हे दोन्ही सर्रास दिसतं. ज्यांचा गुडघा कधी दुखला नाही, कधी मार लागला नाही अशा लोकांच्या एमआरआयचा एकत्रित अभ्यास २०१९ मध्ये आला. चाळिशीनंतरच्या अशा लोकांतही १९ ते ४३ टक्क्यांत ऑस्टिओआर्थ्रायटिसची काही ना काही खूण होती. या सगळ्यांना कोणी फोटो दाखवून 'झिजलेत' म्हणालं असतं तर त्यातले किती उद्यापासून लंगडले असते?

वापराने झिजतं हे खरं असतं तर धावणाऱ्यांचे गुडघे सगळ्यात आधी गेले असते. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा हौशी धावपटूंत गुडघ्याच्या आणि खुब्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसचं प्रमाण ३.५ टक्के निघालं, बैठ्या लोकांत १०.२ टक्के आणि स्पर्धेत धावणाऱ्यांत १३.३ टक्के. ज्याचे गुडघे दुखतात तो मुळात धावायला जात नाही, हे यात धरलं पाहिजे. पण 'जितका कमी वापर तितकी कमी झीज' हा सरळ हिशेब इथे बसत नाही एवढं नक्की. त्याच वर्षी हार्वर्डमधल्या इयन वॉलेस आणि डॅनियल लीबरमन यांच्या गटाने अमेरिकेतले पन्नाशीपुढच्या माणसांचे अडीच हजारांवर सांगाडे तपासले. एकोणिसाव्या शतकापासून विसाव्याच्या सुरुवातीपर्यंतच्या लोकांत गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस ६ टक्के, आणि विसाव्याच्या उत्तरार्धापासून पुढच्या लोकांत १६. वय आणि वजन यांचा फरक काढून टाकला तरी दुपटीहून जास्त. दिवसभर उभं राहून राबणाऱ्या पिढीपेक्षा आपल्यासारख्या बसणाऱ्या पिढीचे गुडघे वाईट.

हे वाचून कोणी म्हणेल, बघा, आपले पूर्वज जमिनीवर बसायचे म्हणून त्यांना गुडघेदुखी नव्हती. थांबा. १८९३ च्या सुमारास लाहोरच्या मेडिकल कॉलेजातल्या हॅवलॉक चार्ल्सने पंजाबी लोकांच्या घोट्याच्या हाडांवर उकिडवं बसण्याने पडलेल्या गुळगुळीत खुणा वर्णन केल्या होत्या. सवय हाडावर लिहिली जाते, हे खरंच. पण बीजिंगमधल्या वृद्धांचा मोठा अभ्यास सांगतो की तरुणपणी रोज तासन्‌तास उकिडवं बसणाऱ्यांत पुढे गुडघ्याचा आजार जास्त होता. तिथल्या स्त्रियांत तो अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या स्त्रियांपेक्षाही जास्त. आणि गंमत म्हणजे खुब्याचा आजार मात्र गोऱ्या अमेरिकनांपेक्षा ८० ते ९० टक्क्यांनी कमी. एकाच सवयीने एका सांध्याचं भलं आणि दुसऱ्याचं नुकसान केलं असेल का, हा प्रश्न मला फार आवडतो. कोकणात चिखलात दिवसभर ओणवं राहून भात लावणाऱ्या बाईला 'जमिनीशी नातं ठेवा' हे सांगायला मी जाणार नाही. तिचा प्रश्न वेगळा आहे. माझा लेख तिच्यासाठी नाहीच, तो आपल्या आईवडिलांसाठी आहे, ज्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि ज्यांना आपण लिफ्ट, कमोड आणि घरपोच भाजी देऊन मोकळे झालो.

सिंगापूरमध्ये मला यातलं एक वेगळं चित्र रोज दिसतं. इथल्या जुन्या एचडीबी इमारतींत लिफ्ट सगळ्या मजल्यांवर थांबत नसे, २००१ पासून सरकारने त्या बदलायला घेतल्या. म्हाताऱ्यांसाठी ते हवंच होतं. पण इमारतीखाली व्यायामाचे कोपरेही ठेवले: दांड्या, पायऱ्या, पेडल. सकाळी सात वाजता तिथे सत्तरीच्या बायका घोळक्याने असतात. त्यांचे गुडघे दुखत नसतील असं नाही, बऱ्याच जणींनी पट्टा बांधलेला असतो. पट्टा बांधून त्या पायरी चढ-उतार करतात. त्याच वेळी माझ्यासारख्या, वयाने त्यांच्या निम्म्या, बिझनेस पार्ककडे जाऊन नऊ तास खुर्चीत बसायच्या तयारीत असतात. मी घर्षण मोजते ते बसूनच.

आता पैशांबद्दल. परदेशातली मुलं पैसे पाठवतात, आणि बिजागरीच्या भाषेत पैसे घालवायला पुष्कळ जागा आहे. 'वंगणाचं इंजेक्शन' ही त्यातली पहिली. २०२२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या इंजेक्शनांच्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. खोट्या इंजेक्शनापेक्षा फायदा निघाला, पण इतका कमी की रुग्णाला तो जाणवू नये. दुर्बिणीतून सांधा धुऊन साफ करण्याचं दुसरं. ह्यूस्टनमध्ये १८० रुग्णांवर चाचणी झाली, २००२ साली छापली गेली. काहींची खरी शस्त्रक्रिया केली, काहींना फक्त चिरे देऊन टाके घातले. दोन वर्षं पाहिलं, फरक नाही.

गुडघा बदलण्याचं मात्र या यादीत टाकू नका. ज्याचा गुडघा खरंच शेवटाला पोचलाय त्याच्यासाठी ती फार मोठी गोष्ट आहे. पुण्याच्या डॉ. कांतिलाल संचेतींनी 'इंडस' हा भारतीय बनावटीचा गुडघा तयार केला, आपल्याकडच्या लोकांना जास्त वाकता यावं हा विचार त्यात होता. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची कमाल किंमत, कर सोडून, ५४,७२० रुपये ठरवली, त्याआधी तो लाखाच्या वर जायचा. २०१५ मध्ये डेन्मार्कच्या एका चाचणीत शंभर रुग्णांची दोन गटांत वाटणी केली: अर्ध्यांना शस्त्रक्रिया आणि व्यायाम, अर्ध्यांना फक्त व्यायाम, आहार, शिक्षण. वर्षाने शस्त्रक्रियेवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं होतं. गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त होती. पण दुसऱ्या गटातल्या चौघांपैकी तिघांना वर्षभरात शस्त्रक्रियेची गरज पडली नाही. आधी व्यायाम, मग सर्जन, हा क्रम मला यातून दिसतो. आपल्याकडे तो अनेकदा आधी आराम, मग इंजेक्शन, मग सर्जन असा असतो, आणि सर्जनकडे पोचेपर्यंत मांडीत जोर उरलेला नसतो.

'झीज' हा शब्द खरा शोभतो तो कृत्रिम सांध्याला. खुब्याच्या कृत्रिम सांध्याचे जनक जॉन चार्नली यांनी आधी टेफ्लॉनची वाटी वापरली, कारण टेफ्लॉनचं घर्षण कमी. सुमारे तीनशे रुग्णांत ती बसवली, आणि काही वर्षांत ती झिजून भुगा झाली. त्या भुग्याने आजूबाजूच्या पेशी कशा बिघडतात ते पाहायला त्यांनी टेफ्लॉन स्वतःच्या मांडीत टोचून घेतलं. नोव्हेंबर १९६२ मध्ये ते पॉलिथिलीनकडे वळले आणि तिथून गाडी रुळावर आली. धातू आणि प्लास्टिक हे माझं क्षेत्र. तिथे प्रत्येक पावलागणिक काहीतरी कायमचं जातं, आणि परत पाणी शोषून सावरणारं काही नसतं. शरीराने दिलेल्या सांध्याला आपण त्याच मापाने मोजतो ही मोठीच गल्लत आहे.

मग मला काय हवंय? पाठ्यपुस्तकात बिजागरी राहू दे, पण गुडघ्यापुढे एक वाक्य घाला की हा सांधा गडगडतो, घसरतो, वळतो, आणि हलला तरच पोसला जातो. डॉक्टरांनी 'झिजलेत' ऐवजी दुसरं काही म्हणावं. इंग्रजी 'वेअर अँड टेअर' वरून तो शब्द आलेला असणार, आणि इंग्रजीतही त्याने तेवढंच नुकसान केलंय. आणि आपण, दूर राहणाऱ्यांनी, फोनवर 'जप, आराम कर' म्हणणं बंद करावं. ते म्हणताना आपल्याला बरं वाटतं. त्यांना वाटत नाही. गुडघा अचानक सुजला, लाल-गरम झाला, ताप आला, सांधा मधेच अडकायला लागला किंवा रात्री झोपेतून दुखण्याने जाग यायला लागली तर मात्र आधी डॉक्टर. सकाळी बोटांचे सांधे तासभर आखडत असतील तर तोही वेगळा आजार असू शकतो.

व्यायामाने चमत्कार होत नाही हेही सांगून ठेवते. चाचण्यांत दिसणारा फायदा मध्यम आहे, साध्या वेदनाशामक गोळीच्या जवळपास. पण गोळीने मांडीचा स्नायू वाढत नाही. वजनाचं फ्रेमिंगहॅममध्ये दिसलं: दहा वर्षांत पाचेक किलो कमी झालेल्या स्त्रियांत त्रासदायक गुडघेदुखीच्या आजाराची शक्यता निम्म्याहून कमी झाली होती.

दिवाळीनंतर आम्ही कऱ्हाडातल्याच एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी आईला पहिल्या दिवशी खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगितलं. तिला जमलं नाही. बसण्याची उंची वाढवायला खुर्चीवर दोन उश्या ठेवल्या, मग जमलं, तीनदा. आई रागावली. म्हणाली, "डॉक्टर म्हणतात वापरू नका, ही म्हणते उठा-बसा, आणि तू दोन्हीला हो म्हणतेस." तिचं बरोबर होतं. मी तिला कूर्चेतलं पाणी, दाब, सगळं कागदावर काढून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे भिजवलेल्या डाळीसारखं?" फारसं नाही, पण मी हो म्हणाले. बिजागरीपेक्षा डाळ बरी.

फेब्रुवारीत एक उशी निघाली. मेमध्ये दुसरी. दुखतं अजून, पावसाळ्यात जास्त दुखतं असं ती म्हणते. नदीकाठी ती पुलापर्यंत जाते आणि तिथल्या बाकावर बसून परत येते. मांडी घालता येत नाही, आणि बहुधा येणारही नाही. आज सकाळी मी एक्स्पोच्या सरकत्या जिन्यावर उभी असताना तिचा फोन आला. म्हणाली, काल बारा वेळा उठले-बसले, तेराव्याला शेजारच्या काकू आल्या म्हणून राहिलं. मग विचारलं, "तू कुठे आहेस? मागे कसला आवाज येतोय?" मी म्हणाले, सरकत्या जिन्यावर.

"आणि साधा जिना नाही का तिथे?"

आहे. शेजारीच आहे.